घरपोच विमलताई

विमलताई दाभाडे माणसांना अरे-तुरे करतात आणि मांजरांना अहो-जाहो.

पहिल्यांदा त्या आमच्याकडे आल्या तेव्हा दार माझ्या नवऱ्यानं उघडलं. नवरा बँकेत अधिकारी आहे. त्याला 'अरे' म्हणणारं त्याची आई गेल्यापासून कुणी उरलेलं नव्हतं. "भाऊ, तू जरा बाजूला सरक," असं म्हणून विमलताईंनी चपला काढल्या, कमरेत वाकून सोफ्याखाली पाहिलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "बर्फीबाई, आम्ही आत आलो तर चालंल का?"

सोफ्याखाली शेपटीचं टोक तेवढं आत ओढलं गेलं. विमलताई मग तिथंच, उंबऱ्याच्या आत, सोफ्याकडं पाठ करून मांडी घालून बसल्या. साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट, त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, शेजारी एक भलीमोठी रेक्झिनची पिशवी. आम्ही दोघं समोर उभे. शेवटी नवऱ्यानं विचारलं, की सुरुवात कधी करणार? तर म्हणाल्या, झाली की. मग आम्हाला समजावलं: मांजराकडं टक लावून बघणं म्हणजे त्याला दम देणं. पाठ करून बसलं की त्याला कळतं, पाव्हणा घरंदाज आहे.

बर्फी खरं तर आमच्या मुलीची. पांढरीशुभ्र पर्शियन, चपट्या नाकाची, कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा चेहरा. मुलीला पुण्यात नोकरी लागली, तिथल्या घरमालकीणबाईंना मांजर चालेना, म्हणून बर्फी सिडकोत आमच्याकडेच राहिली. मुलगी तिला रोज विंचरायची. मला वाटायचं, हे पोरीचे लाड. मांजर काय, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतंच. दोन-तीन महिन्यांत बर्फीच्या बगलेत, कानामागं आणि पोटाखाली केसांचे असे घट्ट गोळे झाले, की हात लावला तरी ती ओरडायची. दवाखान्यात न्यायचं म्हणून तिला पिंजऱ्यात घालायचा प्रयत्न केला, त्याच्या खुणा नवऱ्याच्या मनगटावर अजून आहेत. शेवटी तिच्याशिवायच दवाखान्यात गेलो, तिथं कुणीतरी विमलताईंचं कार्ड दिलं. त्यावर छापलं होतं: 'मार्जार सौंदर्य सेवा. घरपोच.' आणि खाली बारीक अक्षरात: 'कुत्री घेतली जात नाहीत. राग नसावा.'

मी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुझ्याकडं नळ कधी येतो?" आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळं हा प्रश्न मुलीच्या लग्नाची बोलणी करतानासुद्धा कुणी ना कुणी विचारतंच. मांजराचं वय, जात, स्वभाव हे सगळं विमलताईंनी नंतर विचारलं. पाण्याच्या दिवशी आंघोळ, बाकी दिवशी नुसतं विंचरणं आणि नखं, अशी त्यांची शिस्त. टाकी रिकामी असताना मांजराला आंघोळ घालायला सांगणाऱ्या माणसाला त्या म्हणायच्या, मला तुझ्या मांजराची दया येते.

तर त्या दिवशी विमलताई पाठ करून बसल्या आणि बोलायला लागल्या. आमच्याशी नाही, बर्फीशी. आवाज बारीक, एका सुरात. आज टीव्ही सेंटरच्या चौकात किती गर्दी होती, कुणाच्या म्हशीनं रस्ता कसा अडवला, उन्हाचा कसा ताप आहे. मग त्या दुसऱ्या मांजरांच्या गोष्टींवर आल्या. "मी कुणाच्या घरचं कुणाला सांगत नाय," असं म्हणून त्यांनी बर्फीला उल्कानगरीतल्या एका बोक्याचं सगळं सांगितलं. तो म्हणे घरातल्या आजोबांचं ब्लँकेट सोडून कशावर झोपत नाही, आणि आजोबा सुनेच्या हातचं जेवण त्या बोक्याला हुंगायला लावल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. मी आणि नवरा कान देऊन ऐकत होतो. तेवढ्यात सोफ्याखालून बर्फीनं नाक बाहेर काढलं. तिलाही पुढं काय झालं ते हवं असावं.

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की मला नीट दिसलंसुद्धा नाही. पिशवीतून जाड टॉवेल निघाला, बर्फी त्यात पुरणासारखी गुंडाळली गेली, आणि एक पंजा बाहेर ठेवून विमलताईंनी नखं कापायला घेतली. "बाई, तुम्ही जरा मान वर करता का? शाबास. आता दुसरा हात द्या." मधेच माझ्याकडं वळून, "ताई, तू ते दार लाव की. उभी काय राहिलीस." मग परत बर्फीकडं, "माफ करा हं बाई, घरची माणसं नवीन हायेत."

आंघोळीच्या वेळी बर्फीनं जो आवाज काढला, तो ऐकून खालच्या मजल्यावरचे पाठककाका काठी घेऊन वर आले. त्यांना वाटलं, लहान मूल कशात तरी अडकलं. विमलताईंनी बाथरूममधूनच त्यांना सांगितलं, की काका, लई नाजूक मामला हाये, खाली जा.

हा 'नाजूक मामला' त्यांच्या तोंडी सतत असतो. कानामागची जट सोडवणं हा नाजूक मामला. पाण्याचा टँकर वेळेवर येणं हाही नाजूक मामला. एकदा माझ्या नवऱ्यानं त्यांना विचारलं, की नखं कापणं मी शिकू शकेन का, तर त्याच्या हाताकडं बराच वेळ बघून म्हणाल्या, "भाऊ, तुझा मामला नाजूक हाये."

हळूहळू त्यांची मागची हकीकत कळत गेली. गाव पाचोड. लग्न करून इथं आल्या, नवरा वाळूजच्या एका कारखान्यात होता, तो लवकरच गेला. पदरात एक मुलगी. रोशन गेटच्या बाजूला एका उर्दू बोलणाऱ्या आपांचं पार्लर होतं, तिथं झाडलोट करायला लागल्या आणि बघता बघता भुवया कोरायला शिकल्या. मांजरांशी बोलायची ती अदब या आपांची. आपांचं म्हणणं असायचं, की आपण परक्या बाईच्या तोंडाला हात लावतो, आई-बापसुद्धा मोठेपणी लावत नाहीत. तेव्हा आधी विचारायचं, मग हात उचलायचा. विमलताई म्हणतात, मांजराचं तर त्याहून अवघड. बाई निदान आपल्या पायानं पार्लरला येते. इथं आपण त्याच्या घरात घुसतो, ओळख ना पाळख, आणि डायरेक्ट बगलेत हात घालतो. मग 'अहो' नको म्हणायला?

पुढं त्यांनी स्वतःचं पार्लर काढलं. लग्नसराईत नवरी मुली सजवायला लासूर स्टेशन, पिशोर, पार कन्नडपर्यंत जायच्या. नवरी मुलींच्या गोष्टी त्यांच्याकडं पोतंभर आहेत. एका लग्नात ऐन वेळी लाईट गेली, मोबाइलच्या उजेडात मेकअप केला, आणि लाईट आल्यावर नवरी आणि करवली यांच्या चेहऱ्यांचा रंग एकमेकींना गेलेला. दुसऱ्या एका नवरीनं मांडवात जायच्या आधी तोंड धुऊन टाकलं, म्हणाली मला माझ्यासारखंच जायचंय. विमलताईंना ती नवरी सगळ्यांत आवडली, जरी त्यांची तीन तासांची मेहनत मोरीत गेली.

लॉकडाउनमध्ये पार्लर बंद पडलं ते पडलंच. त्याच दिवसांत स्वतःच्या घरमालकीणबाईंच्या मांजराच्या जटा त्यांनी सोडवून दिल्या. मालकीणबाईंनी बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला. आता त्यांच्याकडं इतकी मांजरं आहेत, की स्कूटी घेऊन दिवसभर शहरभर हिंडतात. फोनमध्ये माणसांची नावं मांजरांवरून लिहिलेली. मी 'बर्फीची आई', नवरा 'बर्फीचे पप्पा', आणि एक प्रख्यात सर्जन आहेत ते 'लंगडीचे साहेब'.

माणसांचं काम परत करावंसं वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "माणसाला नटवलं की ते आधी आरशात बघतं, मग माझ्याकडं बघतं, मग त्याच्या कपाळाला आठी पडते. मांजर आरशात बघत नाय. लई बरं हाये."

पण मांजर विमलताईंकडंही बघत नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. ते मला दिसायचं. त्यांच्या स्कूटीला एक विशिष्ट खरखर होती, सायलेन्सर ढिला झाल्यासारखी. ती गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली, की बर्फी ताटलीतलं मासळीचं डोकं टाकून सोफ्याखाली. दुसऱ्या वेळी, दहाव्या वेळी, तसंच. आमच्या मागच्या इमारतीत त्यांची तीन गिऱ्हाइकं होती, तीन मजल्यांवर. तिथल्या एका बाईंनी मला सांगितलं, की स्कूटी फाटकात शिरली की तिन्ही खिडक्यांतली मांजरं एकदम नाहीशी होतात, जशी कुणी एका बटणानं तीन दिवे घालवावेत. विमलताई वर मान करून खिडक्यांकडं बघतात, सगळ्या रिकाम्या असतात, आणि मग जिना चढायला लागतात.

काम झाल्यावर बर्फी खरंच सुंदर दिसायची. फुलून, हलकी होऊन, शेपूट उंच करून घरभर फिरायची. माझ्या पायाला घासायची, नवऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायची, पाठककाका आले तर त्यांच्यासुद्धा काठीला अंग घासायची. फक्त विमलताई बसलेल्या कोपऱ्याला वळसा घालून जायची. विमलताई पिशवी आवरत तिच्याकडं बघत राहायच्या. "चला बाई, येते मी," असा निरोप घ्यायच्या. बर्फी तेव्हा खिडकीबाहेरच्या चिमण्यांमध्ये फार गुंतलेली असायची.

वर्षभरात मी त्यांची मदतनीस झाले. टॉवेल धरायचा, पंजे सांभाळायचे, ड्रायर लांबून धरायचा. जट कशी सोडवायची तेही शिकले. आधी मक्याचं पीठ चोळायचं, मग जटेचं मूळ दोन बोटांत घट्ट धरायचं म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं मोकळं करत आत यायचं. फारच घट्ट असेल तर कंगवा कातडीच्या बाजूनं आडवा सरकवायचा आणि त्याच्या वरूनच कात्री चालवायची. माझा हात बरा आहे असं विमलताईंनी एकदा बर्फीला सांगितलं. मला नाही सांगितलं.

मग ते पाठककाकांचं प्रकरण झालं.

पाठककाकांकडं मांजर नाही. त्यांच्याकडं आहे तो एक भटका बोका, जो दर दुपारी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतो आणि दूध पिऊन जातो. काकांनी जाळी लावली, लिंबू-मिरची टांगली, काठी आपटली. बोका ऐकेना. एक दिवस विमलताई खाली स्कूटी लावत असताना तोच बोका भिंतीवरून असा पळाला की त्याची दोन कुंड्यांना धडक बसली. त्याला कुणीतरी काही दिवस पाळलं होतं म्हणे, तेव्हाची ही विमलताईंशी ओळख. काकांनी ते हेरलं. पुढच्या खेपेला त्यांनी जिन्यात उभं राहून मोबाइलवर विमलताईंच्या स्कूटीची खरखर आणि त्यांचा आवाज भरून घेतला. आता बोका खिडकीत दिसला की काका बटण दाबायचे, आणि मोबाइलमधून आवाज यायचा, "आम्ही आत आलो तर चालंल का?" बोका पसार.

काकांना या शोधाचा इतका आनंद झाला, की विमलताई आमच्याकडं असताना ते मुद्दाम वर आले आणि त्यांना ते ऐकवलं. बर्फी टॉवेलात होती. तिनं मोबाइलमधला तो आवाज ऐकला आणि टॉवेलासकट लटपटायला लागली. आम्ही सगळे हसलो. विमलताईही हसल्या, मोठ्यानं हसल्या. काकांना म्हणाल्या, की बरं झालं, माझा आवाज तुझ्या तरी कामाला आला.

त्या दिवशी त्यांनी बर्फीला कुणाचीच गोष्ट सांगितली नाही. नखं कापली, कान पुसले, पिशवी आवरली. जाताना निरोपही घेतला नाही. नवरा म्हणाला, आज ताईंची तब्येत बरी नसावी. मला मात्र संध्याकाळभर चैन पडेना.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाल्या, की ताई, तुझं रविवारी सकाळी एक काम होतं. माझ्या घरी यावं लागंल. कुणाला बोलू नको. आणि ते पंजे धरताना घालतेस तो जाड स्वेटर घालून ये.

त्यांचं घर मुकुंदवाडीला, एका गल्लीच्या शेवटी, दोन खोल्यांचं. त्या मला चौकात घ्यायला आल्या होत्या. मी त्यांच्या मागं स्कूटीवर बसले, आम्ही गल्लीत शिरलो, आणि खरखर ऐकून समोरच्या पत्र्यावरून एक आकृती धाडकन खाली उतरली आणि पळत आमच्याकडं आली. मी आधी ओळखलंच नाही की ते मांजर आहे. जुनं पायपुसणं वाटलं. रंग कळत नव्हता, पिवळा की राखाडी. पाठीवर, पोटाला, मांड्यांना केसांच्या जाड जाड जटा, चालताना त्या एकमेकींवर आपटत होत्या. शेपूट मात्र ताठ उभी. विमलताईंनी गाडी लावायच्या आत ते त्यांच्या पायात घुसलं, साडीत तोंड खुपसलं आणि जे ओरडायला लागलं ते थांबेना.

"ए चिंधे, आले ना आता," विमलताई म्हणाल्या. "काय बोंबलतेस. सोड की पाय, पडंन मी."

मी बघतच राहिले. शहरभरच्या मांजरांच्या जटा सोडवणाऱ्या बाईंच्या घरी असं मांजर. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खाली बघितलं. आत गेल्यावर पाणी दिलं, भिंतीशी बुद्धाची लहानशी मूर्ती होती तिच्यापुढची विझलेली मेणबत्ती उगीच सरळ केली, आणि मग सांगायला लागल्या.

पार्लर बंद पडलं त्या दिवसांत चिंधी त्यांना शटरसमोर सापडली होती. लांब केसांची, कुणीतरी हौसेनं आणलेली आणि मग सांभाळता येईना म्हणून सोडून दिलेली. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती, घरात त्या एकट्याच. चिंधीला घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी कंगवा काढला. चिंधी खिडकीतून जी गेली ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा विमलताईंनी कंगवा पिशवीत टाकला आणि त्या घरात पुन्हा बाहेर काढला नाही. जटा होत गेल्या. वरवर हातानं थोडं थोडं सोडवत राहिल्या, पण चिंधीनं अंग आखडलं की हात थांबायचा. आता पोटाखाली एका जटेनं कातडी ओढली जाऊन जखम झाली होती. त्यात ऊन. डॉक्टर म्हणाले, भूल देऊन सगळं काढावं लागेल, पण वय झालंय, भुलीतून उठेल याची खात्री देता येत नाही.

"मला येतं गं ताई सगळं," विमलताई म्हणाल्या. "अर्ध्या तासाचं काम हाये. पण दिवसभर मी ज्याच्या घरी जाते ते पलंगाखाली जातं. त्याबद्दल आपलं काय म्हणणं नाय, धंदाच हाये तो. फक्त संध्याकाळी गाडी लावली की एक तरी जीव समोरून यावा. हिनं जर मला बघून तोंड लपवलं ना..." त्यांनी पिशवी माझ्यापुढं सरकवली. "तू कर. तुझा हात हलका हाये. मी भाईर बसते. तिला वाटलं पाहिजे की मी घरीच नव्हते."

सगळी योजना त्यांनी आधीच आखलेली होती. त्या मोठ्यानं "चिंधे, मी बाजारात चालले" असं म्हणून पुढच्या दारानं बाहेर पडल्या, स्कूटी सुरू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेली, तिथं लावली, आणि अनवाणी चालत मागच्या बाजूनं येऊन पाण्याच्या ड्रमापाशी बसल्या. तिथून खिडकीच्या जाळीतून मला त्या दिसत होत्या, चिंधीला दिसत नव्हत्या. बोलायचं नाही, कारण आवाज ओळखेल. मी चुकले तर हातानं खूण करणार.

मी जाड स्वेटर घालून, घामानं निथळत, चिंधीकडं पाठ करून बसले. काय बोलावं ते सुचेना. शेवटी मी तिला आमच्या ऑफिसातल्या बदल्यांबद्दल सांगितलं. विमलताईंच्या गोष्टींची सर त्याला कुठली, पण चिंधी जवळ आली, बहुतेक कंटाळून. मी टॉवेल टाकला. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा माझ्या हनुवटीला ओरखडा काढून निसटली, तिसऱ्यांदा सापडली.

पीठ चोळलं, मूळ धरलं, कात्री चालवली. खिडकीतून विमलताई हातवारे करत होत्या: सावकाश, अजून खालून, कंगवा आडवा धर, आडवा. एकेक जट घट्ट दाबलेल्या लोकरीच्या तुकड्यासारखी फरशीवर पडत होती. पोटाखालच्या जटेपाशी आले तेव्हा चिंधी ओरडली. रागावून ओरडली असती तर मला चाललं असतं. ती पुढच्या दाराकडं मान वळवून ओरडत होती, थांबून थांबून, कुणाला तरी हाक मारल्यासारखी. ती कुणाला हाक मारत होती ते मला कळत होतं आणि ड्रमापाशी बसलेल्या बाईंनाही.

मी वर बघितलं. विमलताईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि दोन्ही हातांनी कान झाकले होते. खुणा करायच्या बंद झाल्या होत्या. मला वाटलं आता त्या उठून आत येतील. त्या उठल्यासुद्धा, ड्रमाला धरून अर्धवट उभ्या राहिल्या, आणि परत खाली बसल्या.

ती शेवटची जट मी त्यांच्या खुणांशिवाय काढली. जखम डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं पुसली, मलम लावलं. टॉवेल सोडला तेव्हा त्यातून एक अगदीच लहान मांजर बाहेर पडलं. जटांखाली तेवढंच होतं. रंग फिकट पिवळा निघाला. केस कुठं लांब, कुठं अगदी आखूड, शिकाऊ न्हाव्यानं भादरल्यासारखे. चिंधी धावत जाऊन पलंगाखाली बसली आणि तिथून माझ्याकडं असं बघायला लागली, की बर्फीची आठवण झाली.

मी खिडकीशी जाऊन मान हलवली. विमलताईंनी डोळे पुसले, गल्लीच्या टोकाला गेल्या, स्कूटी सुरू केली आणि खरखर करत दारापर्यंत आल्या. हातात भाजीची पिशवी होती, सकाळीच आणून ठेवलेली असणार. दार उघडून म्हणाल्या, "चिंधे, कुठं हायेस गं?"

पलंगाखाली हालचाल नाही. विमलताईंच्या हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली. मग चादरीची झालर हलली, पिवळं तोंड बाहेर आलं, आणि चिंधी माझ्यापासून शक्य तितक्या लांबून, भिंतीला घासत, पळत त्यांच्याकडं गेली. पाय धरून वर चढली. विमलताई तिथंच दारात बसल्या, तिला मांडीवर घेतलं. चिंधीनं सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली, लांबलचक, मधे मधे माझ्याकडं बघत.

"व्हय का? अगं बाई. असं केलं तिनं?" विमलताई म्हणत होत्या. त्यांचा हात चिंधीच्या मानेपासून शेपटीपर्यंत गेला, कुठंही न अडकता. मग पुन्हा गेला. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, चिंधीच्या मानेत घातलं होतं. "लई वाईट बाई हाये ती," त्या तिच्या कानात सांगायला लागल्या. "आपल्या घरात येऊन असं करायचं? नाय येऊ द्यायचं आता तिला. आत्ताच्या आत्ता घालवून देऊ."

हे म्हणता म्हणता त्यांनी चिंधीच्या पाठीमागून, तिला दिसणार नाही असा हात केला आणि स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. तिथं ओट्यावर चहाचा एक पेला ताटलीनं झाकून ठेवलेला होता. शेजारी पोहे होते, वर खोबरं, आणि ओरखड्यांसाठी हळदीची डबी.

मी पाय न वाजवता आत गेले आणि दाराआड उभी राहून, पेल्याचा आवाज होऊ न देता, तो चहा प्यायले.